डायना अवॉर्ड: नाव सुचवण्यापूर्वी संस्थेचा उगम आणि स्वायत्तता कशी तपासावी

संस्थेच्या नावात राजघराण्यातील व्यक्ती असली की तिचा कारभार राजवाड्यातूनच चालत असणार, असे आपण सहज धरून चालतो. समाजकार्य करणाऱ्या तरुणांना दिल्या जाणाऱ्या ब्रिटनमधील ‘डायना अवॉर्ड’ या पुरस्कारासाठी एखाद्या तरुणाचे नाव सुचवू पाहणाऱ्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हा समज आधी तपासून घ्यावा.

सुरुवात उगमापासून करावी. राजकन्या डायना यांचे १९९७ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ १९९९ मध्ये हा पुरस्कार सुरू झाला, तो तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडून. म्हणजे त्याचे मूळ राजवाड्यात नसून सरकारी पुढाकारात आहे. २००६ मध्ये त्याची स्वतंत्र धर्मादाय संस्था झाली. जुने लेख वाचताना मात्र सावध राहावे, कारण डायना यांच्याच नावाचा स्मृतिनिधी ही निराळी संस्था होती आणि तिचे काम २०१२ मध्ये संपले.

त्यानंतर इंग्लंड आणि वेल्सच्या चॅरिटी कमिशनची नोंदवही पाहावी. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांचे जे स्थान, साधारण तेच तिकडे या कमिशनचे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तीत विश्वस्तांची नावे, संस्थेची उद्दिष्टे आणि वार्षिक हिशेब मिळतात. हिशेबात उत्पन्न कोठून येते हे मन लावून वाचावे, कारण माझ्या मते स्वायत्ततेची खरी कसोटी तेथेच लागते: संस्था एकाच देणगीदारावर किंवा सरकारी अनुदानावर विसंबून असेल, तर कागदोपत्री स्वातंत्र्य फार काळ पुरत नाही.

आश्रयदाता, म्हणजे संस्थेला आपले नाव आणि पाठिंबा देणारी व्यक्ती, आणि विश्वस्त, म्हणजे तिचा कारभार पाहणारी व्यक्ती, यांतील फरकही ध्यानात ठेवावा. विल्यम आणि हॅरी या दोन्ही पुत्रांचा डायना अवॉर्डला पाठिंबा आहे. तथापि कायद्याने निर्णयाची जबाबदारी विश्वस्तांचीच असते. प्रिन्स हॅरी आणि आफ्रिकेतील लेसोथो देशाचे प्रिन्स सीसो यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेंटेबाले’ या मुलांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेचे आश्रयदातेपद दोघांनीही मार्च २०२५ मध्ये सोडले, तरी संस्था चालू राहिली, ती याच रचनेमुळे.

एवढी खातरजमा झाली की नामांकनाकडे वळावे. उमेदवाराचे वय ९ ते २५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते, आणि नाव सुचवणारी व्यक्ती नातेवाईक नसून शिक्षक किंवा युवा कार्यकर्ता अशा नात्याने त्याचे काम जाणणारी प्रौढ व्यक्ती असावी लागते.