रणजी ट्रॉफीत धो धो रन, टेस्टमध्ये गाडी का अडकते? या चुका टाळा

पहिली चूक आपलीच, ॲव्हरेज बघून पोराला डोक्यावर घ्यायचं. इंग्लंडच्या ग्रॅम हिकचं बघा ना, फर्स्ट क्लासमध्ये 136 सेंच्युऱ्या, 1988 ला काउंटीत (तिकडची डोमेस्टिक) एकाच इनिंगमध्ये नाबाद 405, आणि टेस्टमध्ये ॲव्हरेज 31 च्या आसपास. इंग्लंडच्याच मार्क रामप्रकाशच्या 114 सेंच्युऱ्या, टेस्टमध्ये ॲव्हरेज 27. रन किती ते सगळे विचारतात, कसे आले ते कोण विचारतंय?

डोमेस्टिकला बऱ्याच टीममध्ये खरे बॉलर दोनच. त्यांचा स्पेल, म्हणजे सलग टाकलेल्या ओव्हर, खेळून काढला की पुढचा येतो तो पायावर एक तरी देतोच, मग सवय लागते की थांबायचं, लूज बॉल येणारच आहे. टेस्टमध्ये तो तासभर येत नाही. तिथे साहेबांचा धीर सुटतो आणि चौथ्या स्टंपवरच्या, म्हणजे ऑफ स्टंपच्या जरा बाहेरच्या, चांगल्या बॉलला हात घालून स्लिपमध्ये कॅच. त्यामुळे नेटमध्ये नुसते ड्राइव्ह मारत बसू नका, चांगल्या बॉलवर सिंगल कसा काढायचा ते घोटवा, हे कंटाळवाणं काम कुणालाच नको असतं.

दुसरं म्हणजे टेक्निकमधलं भोक, जे ताशी 130 किलोमीटरच्या स्पीडला झाकलं जातं. पृथ्वी शॉने 2018 ला राजकोटला डेब्यूलाच 134 मारले, सगळे खूश. 2020 ला ॲडलेडला बॅट-पॅडमधल्या गॅपमधून आधी ऑस्ट्रेलियाच्या स्टार्कने शून्यावर उडवला, मग कमिन्सने 4 वर. कॉमेंट्रीत पाँटिंग त्या गॅपबद्दल बोलत होता तोवर दांडी गुल! व्हिडिओ ॲनालिस्ट समोरच्यांकडेही असतात राव, रन निघत असतानाच भोक बुजवायचं.

बॉलरचंही तेच. आपल्याकडे एसजी कंपनीचा बॉल, हाताने शिवलेला, सीम (बॉलची शिवण) उठून दिसते. ऑस्ट्रेलियात कूकाबुरा कंपनीचा, त्याची सीम लवकर बसते, मग नुसती लाइन पकडून विकेट काढणारा मीडियम पेसर दुपारी काय करणार? जुन्या बॉलचं काहीतरी आधीच शिकून ठेवा.

आणि दोन मॅच फेल गेल्या की स्टान्स, ग्रिप, बॅकलिफ्ट सगळं एकदम बदलायचं, ही तर हमखास चूक, एक वेळी एकच गोष्ट बदला. दोन मॅचवर सगळं संपत नाही: वसीम जाफर 2000 ला साउथ आफ्रिकेसमोर दोन टेस्ट खेळून बाहेर गेला होता, त्याच जाफरने 2006 ला अँटिग्वात 212 मारले.