परदेशी विमानाच्या वेळेचा हिशेब: या चुका टाळा

कोल्हापुरात, राजारामपुरीत मी विमानाची तिकिटं काढून देतो. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधी मोबाईल पुढं करतं. "मुंबई-लंडन 7,200 किलोमीटर, विमान ताशी 900 नं पळतं, म्हणजे 8 तास. मग 10 कसे लावलेत?"

अहो, ते 7,200 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो. पश्चिमेला जाताना वरचं वारं तोंडावर येतं, परतताना तेच पाठीशी असतं, म्हणून येताना तासभर कमी लागतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. धावपट्टीपुढच्या रांगेत काढलेली वीस मिनिटंही तीत आली. भागाकार शाळेत ठीक होता.

पोचायच्या वेळेतून निघायची वेळ सरळ वजा करणं, ही दुसरी चूक. दुपारी 2 ला मुंबई सोडली, संध्याकाळी साडेसातला लंडन, की "साडेपाच तासांत पोचतंय!" दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं, थंडीत साडेपाच. मी तिकिटावर पेन्सिलीनं दोन्ही वेळा भारतीय करून लिहितो. उन्हाळ्यातले तिथले साडेसात म्हणजे आपले रात्रीचे 12, म्हणजे 10 तास. ॲप हेच सांगतं, पण लिहिलेलं डोक्यात राहतं.

आता माझं दुखणं: 00:40, म्हणजे मध्यरात्र उलटून बारा चाळीस; तारीख तेव्हा बदललेली असते.

कागलचं एक कुटुंब, पोरगं शिकायला निघालेलं. तिकीट 15 तारखेचं, 00:40 चं. मी दोनदा सांगितलं, "14 च्या रात्री विमानतळावर पाहिजे." माना हलल्या. 15 ला संध्याकाळी फोन: "काका, साताऱ्यात पोचलोय, पेढे घेतोय. दहापर्यंत मुंबईत. टायमात हाय न्हवं?" माझ्या हातातला चहा तसाच राहिला. विमान आदल्या रात्रीच, म्हणजे अठरा तासांपूर्वी गेलेलं. गाडीत आजी, मामा, दोन बॅगा आणि तिखट पुऱ्यांचा डबा. नवं तिकीट पहिल्यापेक्षा महाग पडलं. तेव्हापासून बारा ते पहाटे चारमधलं विमान असलं की तिकिटावर आदल्या दिवसाची तारीख आणि वार लाल शाईनं मीच लिहितो, आणि गिऱ्हाइकाकडून मोठ्यांदा वाचून घेतो. लोक हसतात. हसू देत.

बाकी किरकोळ: मैल आणि किलोमीटर एकत्र करू नका. हवाई मैल तर आणखी वेगळा, 1.852 किलोमीटरचा. मधल्या थांब्याचे तास प्रवासातच धरा. मुंबईत कुठलं टर्मिनल, ते घरी बघा, रिक्षात नाही.

आणि लंडनचा हिशेब मिनिटावर करणारे कोल्हापूर-मुंबई रस्त्याला मात्र "सात तास बास" म्हणतात. पावणेचारशे किलोमीटर, त्यात खंबाटकी, पुण्याचा बायपास, लोणावळ्याचा घाट. मी स्वतः आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरतो आणि दिवसभर दादरला बहिणीकडं झोपा काढतो.