उद्यमबागेत लेबरचं काम गळ्यात पडलेल्यांसाठी

बी.कॉम. करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) अकाउंट्सला लागलं की थोड्या दिवसांनी मालक म्हणतातच, जरा लेबरचं पण तूच बघ की, आणि मग मस्टर (हजेरीपत्रक), पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सगळं आपल्याच टेबलावर. माझंही असंच झालं, म्हणून नवीन पोरांसाठी लिहितोय.

पहिलं बघायचं म्हणजे युनिट कुठं आहे. माणूस महाराष्ट्रातल्या चंदगडचा असूदे नाहीतर कर्नाटकातल्या खानापूरचा, राज्याचे नियम युनिटच्या जागेचे लागतात. आमच्या मालकांचं एक युनिट इथं आणि एक शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात, अंतर काही नाही पण पगारपत्रक वेगळं. कर्नाटकात महिना 25 हजारांच्या आत पगार असेल तर प्रोफेशनल टॅक्स नाही, शिनोळीत मात्र पुरुष कामगाराचा पगार 10 हजारांच्या वर गेला की 200 रुपये कापायचे, फेब्रुवारीत 300, बायकांना तिथंही 25 हजारांपर्यंत माफ. एकाच गावचे दोघे दोन युनिटला असले की पगाराच्या दिवशी भांडायला आपल्याकडेच येतात! किमान वेतनही दोन्हीकडं वेगळं, त्यामुळं एकाचं एक्सेल दुसऱ्याला कॉपी पेस्ट करायचं नाही.

सुट्ट्यांचंही तसंच. 1 नोव्हेंबर, म्हणजे राज्योत्सव, कर्नाटक राज्याचा स्थापना दिवस, तिथं कायद्यानं पगारी सुट्टी, 26 जानेवारी, 15 ऑगस्टसारखीच. बेळगावातला आपला मराठी माणूस तो काळा दिवस म्हणून पाळतो, त्याच्या मनात काय असतं ते सांगायला नको, पण मस्टरवर सुट्टीच लावायची.

पीएफ 20 माणसांपासून, ईएसआय 10 पासून, हे केंद्राचं म्हणून दोन्हीकडं सारखं. 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांचं ईएसआय, त्यात मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75. काही मालक एकोणिसावरच हजेरी थांबवतात आणि बाकीचे कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर दाखवतात, त्या फंदात पडू नका, तपासणीला गेटवर डोकी मोजतात आणि कागदावर सही तुमची असते.

अपॉइंटमेंट लेटर सगळ्यांना द्या, हेल्परला पण. केंद्राचे नवे लेबर कोड (कामगार कायदे) 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेत, त्यात हे सक्तीचं आहे आणि फिक्स्ड टर्मवाल्याला (ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्याला) एका वर्षातच ग्रॅच्युइटी बसते. लेटर कन्नड किंवा मराठीत समजावून मगच सही घ्या, इंग्रजी कागदावर अंगठा घेतला तर उद्या तो म्हणणार मला काय माहीत, आणि त्याचं बरोबरच असणार.

कोण सोडून गेला किंवा काढला तर त्याचा राहिलेला पगार दोन वर्किंग दिवसांत द्यायचा. मालक म्हणतील पुढच्या दहा तारखेला बघू, तेव्हा कोडमधलं ते कलम प्रिंट काढून समोर ठेवा, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.