शपथभंग, खोटी साक्ष की फितुरी? कुठे कोणता शब्द लिहावा

साक्षीदार कोर्टात खोटे बोलला की अनेकजण ‘शपथभंग’ लिहून मोकळे होतात. शब्द भारदस्त आहे, पण जागा चुकलेली. जी शपथ पुढे पाळायची असते, तीच मोडता येते. मंत्र्याने गोपनीयतेची शपथ घेऊन बैठकीतली गोष्ट बाहेर फोडली, तर तो शपथभंग. साक्षीदाराचे तोंडून निघालेले वाक्यच खोटे असते. तिथे ‘खोटी साक्ष दिली’ किंवा ‘शपथेवर खोटे सांगितले’ म्हणावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा ‘खोटा पुरावा देणे’ या नावाने कलम २२७ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत तो १९१ मध्ये होता. शिक्षा कलम २२९ मध्ये: न्यायालयीन कामकाजात सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

शब्द निवडण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: शपथ होती का, आणि बोलणाऱ्याला खोटेपणा ठाऊक होता का. दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मुंडकाराच्या, म्हणजे गोव्यात दुसऱ्याच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याच्या, घराच्या वादात एकजण म्हणतो, ‘हे घर मी १९७० पासून पाहतो.’ तो गावात आलाच १९९० मध्ये. घर खरोखर तितके जुने निघाले तरी साक्ष खोटीच, कारण न पाहिलेले त्याने पाहिले म्हणून सांगितले. उलट, म्हातारपणी साल चुकले तर ती विस्मृती. तिला खोटी साक्ष म्हणणे अन्यायाचे.

देवाचे नाव घेतले नाही, म्हणून सुटका नाही. शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे ‘सत्यप्रतिज्ञा’ करणाराही खरे सांगायला तितकाच बांधील असतो. घरातले ‘गळ्याशपथ’ किंवा कोकणीतले ‘सोपूत’ मात्र कोर्टाच्या हिशेबात येत नाही.

गोव्याच्या वृत्तपत्रांत ‘पोलिसांनी जबानी नोंदवली’ असे येते. ही जबानी शपथेवर नसते, त्यावर सहीही घेत नाहीत. म्हणून जबानी एक आणि कोर्टातली साक्ष दुसरी, एवढ्यावरून साक्षीदार शपथेवर खोटे बोलला असे लिहिता येत नाही. कदाचित जबानीच चुकीची असेल. अशा वेळी ‘साक्ष फिरवली’ हे सुरक्षित. ‘फितूर’ म्हणजे, बोलावणाऱ्या पक्षालाच त्याची उलटतपासणी घ्यावी लागली, इतकेच. तो खोटारडा ठरलेला नसतो, त्याने पैसे खाल्लेत असेही त्यातून निघत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर नोंदवलेल्या जबानीपासून तो फिरला, तर गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही कथने शपथेवरची असतात.

कागदावरचे खोटे असेल तर ‘खोटे प्रतिज्ञापत्र’ लिहावे. ‘बनावट प्रतिज्ञापत्र’ म्हणजे सही किंवा शिक्काच नकली. मजकूर खोटा असणे निराळे. स्वतः प्रतिज्ञापत्र करताना ‘मला स्वतःला माहीत आहे’ आणि ‘मिळालेल्या माहितीवरून खरे समजतो’ हे परिच्छेद वेगळे ठेवावेत, आणि माहिती कोणाकडून मिळाली तेही लिहावे. नोटरीकडच्या छापील नमुन्यात सगळे एकाच ओळीत कोंबलेले असते. घोटाळा तिथेच होतो.

खोट्या साक्षीचा खटला सामान्य माणसाला थेट दाखल करता येत नाही. ज्या कोर्टात ती दिली, तिथेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या पद्धतीचा कायदा) कलम ३७९ खाली अर्ज करायचा. त्यात ‘खोटारडा’, ‘लबाड’ असली विशेषणे नकोत. साक्षीची तारीख, पान, साक्षीदाराचे नेमके वाक्य जसेच्या तसे, त्याला छेद देणारा दाखला, आणि त्या खोट्याचा निकालाशी काय संबंध, हे मांडावे. चौकशी करायची की नाही, आणि तक्रार पाठवायची की नाही, ते कोर्ट ठरवते. तोवर बातमीत ‘खोटी साक्ष दिल्याचा आरोप’ एवढेच छापावे.