बर्फावर दिवसाला दोनच मिनिटं: स्केलेटन शिकताना या चुका टाळा

स्केलेटन या खेळात आपण स्लेडवर, म्हणजे छोट्या घसरगाडीवर, पालथं झोपतो, डोकं पुढे, आणि बर्फाच्या घळीतून ताशी १२०-१३० किलोमीटरच्या वेगानं खाली येतो. हनुवटी बर्फापासून जेमतेम चार बोटांवर. स्लेडला ब्रेक नसतो. (पाठीवर झोपून, पाय पुढे करून घसरतात ते ल्यूज, तो खेळ वेगळा.) एक रन साधारण मिनिटभराचा. सरावाच्या दिवशी दोन रन मिळतात, कधी तिसरा. म्हणजे प्रवास, वॉर्म-अप, रनर (स्लेडखालच्या सळया) घासणं, स्लेड ट्रकमध्ये चढवणं यात अख्खा दिवस जातो आणि बर्फावर घालवलेला वेळ भरतो दोन मिनिटं.

मी कॉलेजात असताना सांगलीत १०० मीटर धावायचे. नोकरीसाठी जर्मनीत आले, त्या धावण्याच्या जोरावर एका क्लबात शिरले आणि गेले तीन हिवाळे विंटरबर्गच्या ट्रॅकवर काढले. पहिल्या हिवाळ्यातली कितीतरी दोन-दोन मिनिटं मी वाया घालवली. नव्यानं येणाऱ्यांची ती वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

धडकलात तिथेच दोष शोधू नका

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आधी हीच. वळणातून बाहेर पडताना स्लेड भिंतीवर आपटली की नवखा माणूस पुढच्या रनला नेमका तिथेच जोर लावतो. मीही तेच केलं. एका वळणानंतर माझं डावं कोपर सलग चार दिवस त्याच भिंतीला लागत होतं. पॅड घालूनही ते काळंनिळं पडलं होतं. दर वेळी मी त्या भिंतीपाशी आले की खांदा दाबायचे, पाय टेकवायचे, आणि तरी आपटायचेच. शेवटी कोचनी व्हिडिओ लावला आणि धडकेच्या बराच आधी, वळणात शिरतानाच थांबवला. म्हणाले, "इथे बघ, तुझा उजवा खांदा." वळण सुरू व्हायच्या आधीच मी घाईनं खांदा दाबला होता. शिरताना स्लेड जिथे हवी तिथे नसली की ती भिंतीवर नको तितकी चढते, मग तितक्याच जोरात उतरते आणि बाहेर पडताना पलीकडे आदळते. तोवर तुमच्या हातात काही उरलेलं नसतं.

स्लेड वळवायची ती खांद्यांच्या आणि गुडघ्यांच्या हलक्या दाबानं. त्या दाबानं स्लेडची चौकट किंचित पिळली जाते आणि ती दिशा बदलते. बुटाचं टोक बर्फाला टेकवणं हा अगदी शेवटचा उपाय. प्रत्येक वळवण्यात थोडा वेग जातो, आणि घाबरलेला माणूस रनभर वळवतच राहतो. माझा पहिल्या हिवाळ्यातला सगळ्यात वेगवान रन तो होता, ज्यात दमल्यामुळे मी निम्म्या वळणांत काहीच केलं नव्हतं. ते कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

यावर उपाय म्हणून मी तीन गोष्टी करते. सरावाआधी ट्रॅक पायी चालायचा आणि प्रत्येक वळणाच्या तोंडाशी बर्फाचा आकार पाहायचा. डोळे मिटून, हातात स्टॉपवॉच धरून मनातल्या मनात रन करायचा. मनातला रन खऱ्यापेक्षा चार सेकंदांनी लवकर संपला, तर एखादं वळण तुम्हाला पाठच नाही असं समजा. आणि खाली उतरल्यावर मोबाईल हातात घेण्याआधी वहीत लिहायचं: कुठे शिरले, काय केलं, काय झालं. व्हिडिओ पाहिला की आपली खरी आठवण पुसली जाते.

मान

पुढचं दिसावं म्हणून डोकं वर उचलणं अगदी साहजिक आहे, पण त्यानं वारा अडतो आणि मान भराभर थकते. डोकं खाली ठेवून फक्त बुबुळं वर न्यायची. मोठ्या वळणात शरीरावर वजनाच्या चौपट-पाचपट भार येतो, मग थकलेली मान सुटते आणि हेल्मेटची हनुवटी बर्फावर खरडते. मानेचा व्यायाम ऑगस्टपासून हवा. डिसेंबरात सुरू करून उपयोग नाही.

रनर

स्लेडखाली दोन गोल पोलादी सळया असतात, त्या रनर. नवे लोक रनर चमकले की काम झालं असं समजतात. जाड पॉलिश पेपरवरून थेट बारीकवर उडी मारली, तर चकाकी येते पण खालचे ओरखडे तसेच राहतात. मी ट्यूबलाइटखाली रनर डोळ्यांसमोर आडवा धरून पाहते आणि त्यावरून नख फिरवते. नख कुठे अडखळलं, तर एक पायरी मागे जाऊन त्याच्या आधीचा पेपर पुन्हा. घासायचं ते लांबीच्या दिशेनं, आडवं कधीच नाही.

रन संपल्यावर ओले रनर तसेच बॅगेत टाकू नका. एका रात्रीत गंज धरतो आणि दोन तासांची मेहनत जाते. आधी पुसा, मगच कव्हर घाला. स्पर्धेच्या दिवशी स्लेड तापवलेल्या खोलीतून किंवा गाडीतून थेट स्टार्टला नेऊ नका. रनर गरम करायला नियमानं बंदी आहे. बाहेर ठेवलेल्या एका नमुना रनरशी तापमान ताडून पाहतात, आणि ४ अंशांहून जास्त फरक निघाला तर तुम्ही बाद.

स्लेड आडवी घसरायला लागली की लोक रनरही बदलतात आणि त्यांचा बाकही, तेही एकाच दिवशी. मग सुधारलं तरी कशानं सुधारलं हे कळत नाही. एका रनला एकच बदल.

डोकं दुखत असेल तर सांगा

इथे कळकळीनं सांगते. धडकेशिवायही, नुसत्या बर्फाच्या थरथराटानं, रननंतर डोकं जड होणं, उजेड नकोसा वाटणं, शब्द न आठवणं असं होतं. या खेळात त्याला 'स्लेड हेड' म्हणतात. नवे खेळाडू ते लपवतात, कारण सांगितलं की दुसरा रन जातो. मीही एकदा लपवलं आणि संध्याकाळी स्वतःच्या खोलीचं दार मला सापडेना. त्याच क्षणी कोचना सांगा, डॉक्टरांना दाखवा. तो रन गेला तर जाऊ दे.

बर्फ नाही म्हणून बसून राहू नका

आता स्टार्टची धाव. हिरवा दिवा लागला की ३० सेकंदांत निघायचं. वाकून, स्लेडवर हात ठेवून वीस-तीस मीटर जीव तोडून धावायचं आणि मग त्यावर झोपायचं. वर गमावलेला एक दशांश सेकंद खाली पोचेपर्यंत साधारण तिप्पट होतो, असं इथे मानतात. माझ्यासारखे १०० मीटरवाले सवयीनं उभे होत जातात. इथे मात्र पाठ शेवटपर्यंत वाकलेलीच हवी. दुसरी चूक उडी मारण्याची. छाती त्याच उंचीवरून अलगद खाली यायला हवी. आदळलात तर स्लेड बर्फातल्या खाचेतून उसळते आणि मिळवलेला वेग तिथेच संपतो.

आणि यातलं काहीच शिकायला बर्फ लागत नाही. ब्रिटनमध्ये बर्फाचा ट्रॅक नाही. बाथ विद्यापीठात रुळांवरून चाकांची स्लेड ढकलायचा एक सरावमार्ग आहे. तरीही २०१० मध्ये एमी विल्यम्स, २०१४ आणि २०१८ मध्ये लिझी यारनॉल्ड यांनी त्या देशाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. दक्षिण कोरियाच्या युन सुंग-बिननं २०१२ मध्ये हा खेळ हातात घेतला आणि २०१८ मध्ये प्योंगचांगला सुवर्ण जिंकलं.

सांगलीतली माझी भाची यंदा दहावीत आहे. काकांनी तिला फळीला चार चाकं लावून दिली आहेत. ती शाळेच्या मैदानावर फळी ढकलत धावते आणि दर रविवारी मला व्हिडिओ पाठवते. परवाच तिला कळवलं: तिसाव्या पावलाला उभी होतेस, कंबर अजून खाली, आणि झोपताना उडी नको.