बिरकार्ल मूळचे कुठले? जुन्या व्यापाऱ्यांचं मूळ स्वतः तपासायचं कसं

आधी ही माणसं कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. स्वीडन आणि फिनलंडच्या मधे बोथनियाचं आखात आहे, त्याच्या पार वरच्या टोकाला तोर्नियो, लूलेओ, पीतेओ वगैरे नद्या समुद्राला मिळतात. मध्ययुगात या नद्यांच्या मुखाशी राहणारे काही शेतकरी-व्यापारी हिवाळ्यात, म्हणजे दलदल आणि नद्या गोठून कडक झाल्या की, स्लेजवर पीठ, लोणी, मीठ, कापड, भांडी लादून आत, उत्तरेतल्या मूळ रहिवासी सामी लोकांकडे जायचे आणि येताना खारीची, बीव्हरची, कोल्ह्याची कातडी न् वाळवलेले पाइक मासे घेऊन यायचे. नुसता व्यापार नाही, सामींकडून करसुद्धा हेच वसूल करायचे आणि हा हक्क बापाकडून मुलाकडे जायचा. सरळ सांगायचं तर वतन. स्वीडिशमधे त्यांना म्हणतात बिरकार्ल, फिनिशमधे पिर्कालाइसेत किंवा पिर्कामिएहेत.

आता भांडण कशावरून, तर हे आले कुठून. फिनलंडच्या आतून, का स्वीडनच्या दक्षिणेकडून, का मुळात तिथलेच? शे-दीडशे वर्षं इतिहासकार यावर वाद घालतायत आणि अजून मिटलेला नाही. कोणी तुम्हाला एका वाक्यात उत्तर दिलं तर लगेच मान डोलावू नका. स्वतः तपासायचं असेल तर मी कसं करतो ते लिहितोय, इतर कुठल्याही जुन्या समाजाच्या मुळाबद्दल वाचतानाही हेच चालेल.

सुरुवात सर्चपासून. दोन्ही भाषांतली नावं टाका. एकच टाकलंत तर अर्धीच गोष्ट समोर येते, कारण स्वीडिश शब्द टाकला की व्यापारी कायद्याच्या गोष्टी जास्त वर येतात आणि फिनिश शब्द टाकला की पिर्काला गावाच्या. आणि फिनिशमधे नुसतं 'पिर्का' टाकू नका हां, तो तिथल्या एका मोठ्या किराणा साखळीचा घरचा ब्रँड आहे, मी टाकलं होतं आणि समोर आलं दूध, कॉफी आणि टॉयलेट पेपर.

दुसरी गोष्ट नावाची, आणि आपण मराठी माणसं इथे सगळ्यात आधी घसरतो. आपल्याकडे पंढरपूरकर म्हटलं की घराणं पंढरपूरचं, विषय संपला. बिरकार्ल ऐकलं की तसंच वाटतं, बिरका नाहीतर पिर्का नावाचं गाव असणार. पण त्यातला 'कार्ल' म्हणजे नुसता माणूस, आपल्या 'कर'शी त्याचा काही संबंध नाही. वाद आहे तो पहिल्या तुकड्याचा. एक गट म्हणतो की हे पिर्काला, आजच्या ताम्परे शहराला लागून असलेलं हामे प्रदेशातलं जुनं गाव. दुसरा म्हणतो की 'बिर्क' किंवा 'ब्यार्को' म्हणजे व्यापाराची जागा, स्टॉकहोमजवळच्या मेलारेन सरोवरात ब्यॉर्को बेटावरचं बिर्का हे जुनं व्यापारी शहर तेच आणि जुन्या स्वीडिश शहरांचा ब्यार्को कायदाही तोच, म्हणजे बिरकार्ल हा नुसता 'व्यापारी माणूस'. तिसरं स्पष्टीकरण सोळाव्या शतकातलं, स्वीडिश लेखक ओलाउस मॅग्नुस वगैरे मंडळी याला 'बेर्गखारा' लिहितात, म्हणजे डोंगरातला माणूस. हे मला तरी ऐकीव शब्दाला नंतर चिकटवलेला अर्थ वाटतो. असा अर्थ कोणालाही जुळवता येतो, म्हणून नावावरून आलेलं उत्तर वहीत पेन्सिलने लिहायचं, पेनाने नाही.

मग पेनाने काय लिहायचं, तर सगळ्यात जुना कागद. इथे तो १३२८ सालचा आहे, तेल्ये गावात, म्हणजे आजच्या सोदरतेल्येमधे केलेला. राजा मॅग्नुस एरिकसोन तेव्हा पोरगा होता, बारा वर्षांचा, त्यामुळे कारभार बघणारा द्रोत्स क्नूत योन्सोन याच्या नावाने तो निघाला. मजकूर लॅटिन, पण मधेच स्थानिक शब्द तसाच ठेवलाय, 'बिरकार्लाबोआ'. सार असं की जंगलात राहणारी, भटकी माणसं, ज्यांना लोक 'लाप्पा' म्हणतात, त्यांच्या शिकारीत कोणी आडवं येऊ नये आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या बिरकार्लांनाही कोणी अडवू नये. समोरची पार्टी हेल्सिंगलांदची, तेव्हा आखाताचा बराचसा पश्चिम किनारा या नावात मोडायचा. (लाप्पा, लॅप हे शब्द कागदात आहेत म्हणून लिहिले, स्वतः बोलताना सामी म्हणा, त्यांना ते शब्द आवडत नाहीत.)

हा कागद दोनदा वाचा, एकदा काय लिहिलंय त्यासाठी, एकदा काय लिहिलेलं नाही त्यासाठी. बिरकार्ल कुठून आले हे यात कुठेच नाही. ते आधीपासून तिथे जातायत, भांडण होण्याइतके जातायत आणि सरकारला त्यांचं नाव समजावून सांगावं लागत नाही, एवढं कळतं. बरं, 'बिरकार्लाबोआ'च्या शेवटचा 'बो' म्हणजे रहिवासी, त्यामुळे पिर्कालावाले म्हणतात बघा, हे कुठल्यातरी गावचे रहिवासी आहेत. मुद्दा चांगला आहे, पण एका शेपटीवर अख्खा हत्ती उभा करण्यातला. आणि कागदाच्या मागे बघायचं असेल तर फक्त पाच वर्षं मागे जा, १३२३ ला स्वीडन आणि नोव्हगोरोद हे रशियन राज्य यांच्यात पेहकिनासारीचा तह झाला आणि पहिल्यांदा सरहद्द ठरली. म्हणजे उत्तरेच्या कातड्यांवर कोणाचा हात हा प्रश्न तेव्हा गरमागरम होता, म्हणून हा कागद निघाला असं मानायला जागा आहे. हे मूळ लेख बघायचे असतील तर स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा मध्ययुगीन कागदांचा डेटाबेस आणि फिनलंडचा दिप्लोमातारियुम फेन्निकुम, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, लॅटिन येत नसली तरी साल आणि नावं वाचता येतात.

यानंतरची पायरी बोअर आहे पण तीच खरी. प्रत्येक गोष्टीसमोर दोन सालं लिहा, घटना कधीची आणि ती लिहिली कधी. उदाहरण घ्या. सगळीकडे सापडणारी गोष्ट अशी की राजा मॅग्नुस लादुलोसने सांगितलं, जो कोणी सामींना ताब्यात आणेल त्याला त्यांच्यावर हक्क, मग पिर्कालाच्या लोकांनी सामींशी तह केला आणि तो मोडून अचानक हल्ला केला. झकास गोष्ट. पण लादुलोस वारला १२९० ला आणि ही गोष्ट सांगणारा स्वीडिश अभ्यासक योहानेस ब्युरेउस जन्मला १५६८ ला, म्हणजे मधे तीनेकशे वर्षं. तोपर्यंत बिरकार्लांचे हक्क राजाने काढून घेतले होते, १५५० च्या दशकात गुस्ताव वासाने करवसुलीला स्वतःचे अंमलदार नेमले. ज्याचं वतन गेलंय तो माणूस 'आम्हाला हे खुद्द राजाने दिलं होतं' असं सांगणारच की. म्हणून गोष्ट खोटीच असं नाही, पण ती तेराव्या शतकाचा पुरावा म्हणून नाही तर सोळाव्या शतकातल्या तक्रारीचा पुरावा म्हणून वाचायची.

याच कसोटीवर बिर्का पण लावा. बिर्का शहर साधारण ७५० ते ९७५ या काळातलं, पहिला बिरकार्ल कागदात येतो १३२८ ला, मधे साडेतीनशे वर्षं कोणी बोलत नाही. त्यामुळे बिर्काचे व्यापारी उठून थेट हजारेक किलोमीटर वर गेले हे मला पटत नाही. ब्यार्को कायद्याचं मात्र वेगळं, तो तेराव्या शतकातही स्वीडिश शहरांत चालू होता, त्यामुळे शब्द तिथून आला असू शकतो आणि माणसं दुसरीकडून. शब्दाचं मूळ आणि माणसांचं मूळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, वहीत त्यांची पानंही वेगळी ठेवा. देशमुख शब्दाची फोड करून तुम्ही सगळ्या देशमुखांचं मूळ गाव सांगू शकता का? नाही ना. कामाचं नाव आहे ते.

आता भाषा. तोर्नियो खोऱ्यातली फिनिश बोली, आणि खोऱ्याच्या स्वीडिश बाजूला बोलली जाणारी तिची बहीण म्येनकिएली, ही पश्चिम फिनिश गटातली आहे, हामेकडच्या बोलीशी नातं सांगणारी. फिनिश इतिहासकार योउको वाहतोलाने १९८० मधे तोर्नियो आणि केमी खोऱ्यातल्या गावांची, ओढ्यांची नावं तपासून वस्तीची मुळं शोधली आणि त्यातही हामे आणि पश्चिम फिनलंड ठळक दिसतं. पिर्कालावाल्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा मला हाच वाटतो, ताम्परे ते तोर्नियो सहाशे किलोमीटर असलं तरी हामेचे शेतकरी शिकारीला लांब लांब जायचे. पण सांभाळून, यातून तिथे शेती करणारे कुठून आले ते कळतं, त्यातल्या व्यापारी घरांबद्दल आपोआप काही सिद्ध होत नाही. आणि लूलेओ, पीतेओकडेही बिरकार्ल होतेच, तो किनारा स्वीडिश बोलणारा.

मग सोळाव्या शतकातल्या कर-याद्या बघून नावं मोजू असं वाटतं. मोजा, पण यादी लिहिणारा कारकून स्वीडिश हे विसरू नका. त्याने 'निल्स' लिहिलंय तो घरी 'नीलो' असू शकतो, 'ओलोफ'चा 'ओल्ली'. माणसाच्या नावापेक्षा शेताचं, घराचं नाव जास्त खरं बोलतं, ते कारकुनाला सहज बदलता येत नाही.

एक शब्द हातात घेऊन बघण्यासारखा आहे, 'राहा'. आज फिनिशमधे राहा म्हणजे पैसा, पण मूळ अर्थ कातडं. कातडी मोजायची चाळीसच्या गठ्ठ्याने, त्याला 'कीहतेलुस' म्हणायचे, स्वीडिशमधे 'तिम्मर', तेही चाळीसच. दोन भाषा, माप एकच. एका स्लेजवर बसून दोन्ही भाषांत हिशोब करणारी माणसं डोळ्यासमोर आणली की 'स्वीडिश का फिनिश' हा प्रश्नच जरा आपला, आजच्या नकाशातला वाटायला लागतो.

क्वेन लोकांचा, म्हणजे याच उत्तर भागात राहणारे म्हणून जुन्या कागदांत येणाऱ्या लोकांचा, सापळा राहिलाच. नॉर्वेचा ओत्तार ८९० च्या सुमारास इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला सांगतो की क्वेन लोक हलक्या छोट्या होड्या उचलून डोंगरापलीकडच्या तळ्यांत नेतात आणि हल्ले करतात. १२७१ ला कारेलियन आणि क्वेन यांनी उत्तर नॉर्वेतल्या होलोगालांदवर धाड घातल्याची नोंद आहे, त्यानंतर क्वेन जुन्या कागदांतून जवळपास गायब आणि ५७ वर्षांनी बिरकार्ल हजर. मग तेच हे, नाव बदलून? मोह होतो, मलाही झाला. पण एक नाव जाणं आणि दुसरं येणं हा पुरावा नाही, ती फक्त रिकामी जागा आहे.

आणि शेवटी, सांगणारा कोण ते बघा, कारण हे सगळं जुनं असलं तरी थंड नाही. उत्तरेत कोण आधी आलं यावर आजही जमीन, शिकार आणि मासेमारीचे हक्क अडकलेत. २०२० च्या जानेवारीत स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास या सामी गटाच्या बाजूने शिकार-मासेमारीचा निकाल दिला आणि त्यात शतकांपूर्वीच्या वहिवाटीचे कागद चाळले गेले. तेव्हा एखादा लेख फारच ठासून 'आमचेच पूर्वज पहिले' म्हणत असेल तर लिहिणारा कुठल्या खोऱ्यातला आहे ते पहिलं बघा.

माझं आत्तापुरतं मत विचाराल तर, बिरकार्ल हे एका जागचे लोक नव्हते, ते काम आणि हक्क होता, तोर्नियोकडे तो बहुतेक हामेकडून आलेल्या फिनिश घरांकडे आणि लूलेओ-पीतेओकडे किनाऱ्यावरच्या स्वीडिश घरांकडे. पेन्सिलनेच लिहिलंय. १३२८ च्या आधीचा, 'बिरकार्ल' शब्द असलेला एक जरी कागद निघाला तर पहिला खोडरबर मीच घेईन.