एनक्लेक्सला बसण्याआधी काय काय तयार ठेवायचं

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्यासाठी द्यावी लागणारी परवाना परीक्षा. तिच्यासाठी सगळ्यात आधी नाव तपासा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे आपल्याकडे सर्रास असतं. एनक्लेक्सला ते चालत नाही. परीक्षेची परवानगी, म्हणजे एटीटी, ज्या नावानं येते तेच नाव-आडनाव पासपोर्टवर हवं. नाहीतर सेंटरवरून परत पाठवतात आणि फी बुडते. म्हणून अर्ज भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि अक्षर न् अक्षर बघून लिहा. एटीटीची मुदत वाढवून मिळत नाही, तेव्हा ती आली की लगेच तारीख घ्या आणि त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांना सांगा. परीक्षेच्या आठवड्यात नाइट नकोच; लागलीच तर कुणाशी तरी ड्युटी बदलून घ्या. मुंबईचं सेंटर असेल आणि तुम्ही लातूर-सांगलीकडून येणार असाल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

औषधांच्या नावांची वेगळी वही करा. वॉर्डात आपण पॅरासिटामॉल, सॅल्ब्युटामॉल, ॲड्रिनलिन म्हणतो. पेपरात असिटामिनोफेन, अल्ब्युटेरॉल, एपिनेफ्रिन येतं. पौंडातल्या वजनाला २.२ ने भागून किलो काढणं हातात बसलं पाहिजे.

अवघड आहे ते वॉर्डातल्या सवयी बाजूला ठेवणं. ऑपरेशनला जाणारी आजी रडायला लागली की आपण पाठीवरून हात फिरवत म्हणतो, "काही होत नाही आजी, डॉक्टर चांगले आहेत." आजी शांतही होते. पण परीक्षेत हाच पर्याय खोटा दिलासा म्हणून चुकतो. तिथे बरोबर उत्तर असतं, "तुम्हाला कशाची भीती वाटतेय, सांगता का?" तसंच पेशंटचं काही बिघडलं की पहिला फोन डॉक्टरांना, हीसुद्धा सवयच. तिथे बहुतेक वेळा आधी पेशंटला स्वतः तपासायचं असतं. तपासणीची माहिती प्रश्नातच दिली असेल तर मात्र पुढची कृती करायची. चुकलेल्या प्रश्नांची कारणं वाचल्याशिवाय नवे प्रश्न सोडवू नका. माझ्या मते अभ्यासाचा अर्धा वेळ इथेच गेला पाहिजे.

आता भीतीबद्दल. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो: बरोबर आलं की अवघड, चुकलं की थोडा सोपा. त्यामुळे मन लावून अभ्यास केलेल्यालाही निम्मे प्रश्न हातातून गेल्यासारखे वाटतात. त्या वेळी 'आपलं काही खरं नाही' असं मनात येणारच; ते आजच माहीत असू द्या. किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात. ८५ वर स्क्रीन बंद झाली म्हणजे पास किंवा नापास, असा अर्थ काढू नका. तुमच्या पातळीबद्दल कॉम्प्युटरची खात्री पटली, एवढंच. त्यातले १५ प्रश्न तर मोजलेच जात नाहीत, त्यामुळे कधीच न ऐकलेलं काही समोर आलं तरी तिथे अडकून बसू नका. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. वेळ पाच तास, म्हणजे १५० प्रश्न आले तरी प्रत्येकी दोन मिनिटं. छातीत धडधडायला लागलं तर हात वर करून ब्रेक घ्या. घड्याळ चालूच राहतं, पण पाणी पिऊन, पेशंटला शिकवतो तसा सावकाश श्वास सोडून परत यायला वेळ पुरतो.

परीक्षेची तारीख घरातल्या दोघा-तिघांपलीकडे कुणाला सांगू नका. निकाल विचारणारे फोन त्यानंच कमी होतात. झोप आणि भूक आधीच्या कित्येक दिवसांपासून उडाली असेल तर अंगावर काढू नका, १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि नापासाचं पत्र आलंच, तर सोबतचा रिपोर्ट नीट वाचा. कुठल्या भागात तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर, जवळ किंवा खाली आहात, हे त्यात लिहिलेलं असतं. पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. ते दिवस 'खाली' लिहिलेल्या भागांना द्या.